टाचेखालचा आवाज

बाई कुठेही गेल्या की आधी टाच आपटायच्या. उजव्या पायाची, एकदाच, पण जोरात. मग मान तिरपी करून ऐकायच्या. दार वाजवल्यावर आतून कोणी येतंय का, याचा अंदाज आपण जसा घेतो तसं. आणि लगेच निकाल सांगायच्या. "वीतभर. खाली फत्तर." किंवा, "हां, इथं खोल आहे."

हा प्रकार उघड्या माळावर शोभला असता. पण बाई तो बँकेत करायच्या, दवाखान्यात करायच्या, आणि एकदा लग्नाच्या सभागृहात, चकचकीत फरशीवर, वधूपित्याच्या समोर केला. "खाली नुसती भरती घातली हो यांनी. दोन पावसाळ्यांत ही फरशी बसते, पाहा." सभागृह वधूपित्याच्याच मालकीचं होतं आणि वधूपिता बाईंचा चुलतभाऊ होता. फरशी पुढे बसली की नाही ते मला कळलं नाही. चुलतभाऊ मात्र बरेच दिवस बोलत नव्हता.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या येण्याने खोलीतली हवा हलते आणि जाण्याने टेबलावरचे कागद उडतात. आमच्याकडे ते माणूस म्हणजे बाई.

आमची कचेरी मातीची पाहणी करायची. कुठे किती खोल आहे, पाणी धरते की सोडते, तिथे काय पिकेल. बाई पाहणी करणाऱ्यांपैकी होत्या. मी नकाशाच्या खोलीत होतो. बाहेरून आलेल्या नोंदींवरून मी नकाशे रंगवायचो आणि अहवालांचं मराठी सुधारायचो, म्हणजे एका परिच्छेदात चार वेळा आलेलं 'सदरहू' तीन वेळा काढून टाकायचो. दुपारच्या सुटीत मी पुस्तक वाचत बसतो एवढ्यावरून बाईंनी माझं नाव साहित्यिक ठेवलं होतं. त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

"उठा हो साहित्यिक. बसल्या जागी मुरूम होऊन जाते माणसाचा."

हे त्यांचं दिवसातून अनेकदा ऐकू येणारं वाक्य. मुरूम म्हणजे पुरता खडकही नाही आणि अजून मातीही नाही, असं अर्धवट झिजलेलं काहीतरी. सरकारी नोकरीचं याहून नेमकं वर्णन मी छापील पानावर अजून वाचलेलं नाही.

बाई स्वतः बसत नसत. त्यांची खुर्ची कचेरीत सगळ्यांत नवी दिसायची, कारण आल्यापासून तिच्यावर मातीच्या नमुन्यांच्या कापडी पिशव्याच बसत आल्या होत्या. चहा उभ्याने, फाइल चालता चालता. साहेबांच्या बैठकीत त्या दाराशी उभ्या राहायच्या. साहेब म्हणायचे, "बसा ना मॅडम." त्या म्हणायच्या, "बसते सर," आणि बैठक संपेपर्यंत उभ्याच. लग्न केलं नव्हतं. महाल नावाच्या जुन्या वस्तीत धाकट्या बहिणीकडे राहायच्या. बहीण मला एकदा म्हणाली होती, "घरातली एक जागा सोडली नाही हिनं. देव्हाऱ्यापुढंही टाच मारते. मी म्हटलं, देव आहे वं तिथं. तर म्हणते, देव आहे, पण खाली पोकळ आहे."

साहेबांबद्दल एक सांगायला हवं. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त कार्यक्रम आवडत असत. कचेरीत नवी झेरॉक्स मशीन आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला, फीत कापली आणि वीस मिनिटं बोलले. मशीनने पहिली प्रत काढली ती त्या भाषणाचीच.

बाईंबरोबर बाहेरगावी जाणं म्हणजे दमणूक. कळमेश्वर ओलांडून जीप डांबर सोडून वर चढू लागली की त्या सीटच्या टोकाशी सरकायच्या आणि गाडी थांबायच्या आधी खाली. मग टाच. मग गिरमिट. हे लाकडाला भोकं पाडणाऱ्या गिरमिटाचंच थोरलं भावंड. फिरवत जमिनीत घालायचं आणि कुठवर जातं ते पाहायचं. त्या भागातल्या टेकाडांवर ते फारसं जायचंच नाही. वर तपकिरी, खडबडीत माती, तिच्यात बोराएवढे खडे. वीतभर खाली गेलं की मुरूम. आणि मुरमाखाली काळा फत्तर, सब्बल, म्हणजे पहार, मारली तर हाताला झिणझिण्या आणणारा.

बाई चिमूटभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर सरळ थुंकायच्या, बोटांनी मळायच्या आणि तिची वळी करू पाहायच्या. काळ्या रानातल्या मातीची वळी शेवेसारखी लांब निघते. इथे ती बोटभर होण्याआधी तुटायची. "पाहा. धरून ठेवत नाही काही. पाऊस पडला की पाणी चाललं. दोन दिवस ऊन पडलं की कोरडी. हिच्यात काहीच मुक्कामाला राहत नाही."

"मग निरुपयोगीच की," मी एकदा म्हणालो.

असं बोलायला नको होतं. बाईंनी मला दंडाला धरून ओढत नेलं आणि गुडघ्याएवढ्या गवतात उभं केलं. पवन्या, कुसळ, मधूनमधून बोरीची झुडपं. "हे काय आहे? हे काय हवेत उगवलं का? गवताले वीतभर पुरते. झाडाले पुरत नाही. तुम्हाले झाड पाहिजे अन् जमिनीजवळ गवत आहे, तर जमीन काहून निरुपयोगी? तुमची मागणी निरुपयोगी."

मग त्यांनी त्या फत्तरावर थाप मारली. "आणि हा. हा तुम्हाले गप्प बसलेला दिसते. हा वाहत होता एके काळी. लाव्हा होता. इथून तिथवर पळत गेला. हाही बसून नव्हता, साहित्यिक."

एवढ्या घाईत जगणारी बाई एका जागी मात्र नेमाने थबकायची. माझ्या खोलीत, भिंतीवरच्या मोठ्या नकाशापुढे. कळमेश्वरच्या पलीकडच्या टेकाडांचा भाग सगळा फिकट पिवळा होता, म्हणजे उथळ. त्यात मध्येच एका गावच्या गायरानावर एक हिरवा तुकडा होता. हिरवा म्हणजे खोल. बाई त्यावर नखाने टकटक करायच्या.

"हे काहीतरी चुकून राहिलं."

"खड्डा कोणी घेतला होता?"

"मीच. नोकरीतलं पहिलंच वर्ष होतं. कमरेपर्यंत उतरली होती मी त्याच्यात. खोल होता, काळी माती होती. खोटं लिहिलं नाही."

"मग चुकलं काय?"

"तेच तर समजत नाही."

आमच्या कामाची एक रीत इथे सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सगळी जमीन कोणी खणत नाही. एका जातीची वाटणारी जमीन आखायची, तिच्यात एक योग्य जागा निवडून एक खड्डा घ्यायचा, आणि तो खड्डा जे सांगेल ते सगळ्या तुकड्याचं समजून तुकडा रंगवायचा. एक खड्डा सगळ्यांच्या वतीने बोलतो. आपल्याकडे विधिमंडळाची सभागृहं भरतात ती याच तत्त्वावर, त्यामुळे ही रीत मला कधी विचित्र वाटली नाही.

त्या गायरानावर पुन्हा जायला बाईंना काही निमित्त मिळत नव्हतं. कचेरीची जीप नव्या कामाला निघायची. जुन्या शंकेसाठी डिझेल नसायचं. वर्षं गेली. बाईंची निवृत्ती वर्षावर आली, आणि निमित्त आपल्या पायांनी चालत आलं.

वृक्षलागवडीची एक मोठी योजना आली. तिचं नाव इतकं लांब होतं की फलकावर त्यातच दोन ओळी गेल्या. टेकाडांवर झाडी उभी करायची होती, आणि जागा निवडताना कोणीतरी आमचा नकाशा उघडला. पिवळ्या पसाऱ्यात हिरवा तुकडा. निवड झाली. गायरानाला काटेरी तारेचं कुंपण पडणार होतं, आत मशीनने खड्डे होणार होते, आणि गुरांना कायमची बंदी. साहेब हरखले. आमच्या नकाशाचा कोणी उपयोग केल्याचं त्यांच्या कारकिर्दीतलं हे पहिलंच उदाहरण होतं. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. साहेबांनी बाईंना बोलावलं. "मॅडम, तुमचा खड्डा आहे. मातीबद्दल दोन शब्द तुम्हीच बोला."

बाई बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे. "उठा."

आम्ही गेलो तेव्हा उद्घाटन आठवड्यावर होतं. गायरानाच्या कडेला सिमेंटचे खांब आणि तारेची भेंडोळी येऊन पडली होती. बाईंनी उतरताच टाच मारली. ठण. चार पावलं गेल्या, मारली. ठण. धावल्यासारख्या सुटल्या त्या, मी मागे. ठण, ठण, ठण. कंत्राटदाराच्या माणसांनीही जागोजागी सब्बल मारून पाहिली होती, सगळीकडे फत्तराचे पांढरे ओरखडे होते. आणि मधोमध, एकाच जागी, एक सुंदर चौकोनी खड्डा तयार होता. कडेला रांगोळीसाठी गेरू सारवलेला. पाहुण्यांच्या रोपाचा खड्डा. अख्ख्या रानात सब्बल जिथे सुखाने आत गेली तिथेच त्यांनी तो खणला होता.

त्या खड्ड्यापाशी एक म्हातारी गवळण हातात काठी घेऊन कंत्राटदाराच्या मुकादमाला फैलावर घेत होती.

"कोनाले इचारून खंदलं? आँ? माह्या गायीच्या उरावर कोनाले इचारून खंदलं?"

"माय, गाय कुठं आहे इथं?" मुकादम म्हणाला.

"हे काय हाये मंग? तुह्या बापाचं शिंग हाये का?"

मातीच्या ढिगातून खरंच एक शिंग वर आलं होतं. मळकं, वाकडं.

म्हातारीचं नाव वेणूबाई. तिची गुरं पलीकडे चरत होती. बाईंनी विचारलं तेव्हा तिने रागातच सगळं सांगितलं. लग्नात माहेरून तिच्याबरोबर एक गाय आली होती, चांदी. तिच्या वासरांवरच हा कळप उभा राहिला. चांदी मेली तेव्हा वेणूबाईने तिला ओढून नेऊ दिलं नाही. नवऱ्याने आणि सासऱ्याने इथे, जिथे फत्तराला भेग होती तिथे, सब्बलीने फोडून खड्डा केला, मीठ घातलं. आणि झाकायला माती? "इथं माती हाये कुठं जी? नाल्यातून आनली. बैलबंड्या भरभरून. काळी माती. माह्या सासऱ्यानं म्हटलं, सोन्यावानी गाय होती, सोन्यावानी माती घालू."

"केव्हाची गोष्ट?" बाईंचा आवाज बदलला होता.

"मोठ्या पोराच्या येळेस मी माहेरी गेली, त्याच्या आदल्या साली. अन् मी वापस आली तं लोक सांगे, एक पॅन्टवाली बाई आली होती जीपमंदी, अन् चांदीच्या जाग्यावर खंदून गेली. सापडली असती तं टांग मोडली असती मी तिची."

 बाईंनी खड्ड्याकडे पाहिलं, पलीकडच्या सर्व्हेच्या दगडाकडे पाहिलं, मनाशी अंतर मोजलं. आणि खाली बसल्या. सरळ मातीत, मांडी घालून.

इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो.  वेणूबाई वरमली. "काय झालं वं बाई? ऊन लागलं का?"

"मीच ती पॅन्टवाली," बाई म्हणाल्या.

वेणूबाईने काठी खाली घेतली नाही, पण उचललीही नाही.  मग बाई माझ्याकडे वळल्या. "कळलं का साहित्यिक? गिरमिट इथं सरसर गेलं होतं, गाय हातभर बाजूले राहिली, हाडही लागलं नाही. मले किती आनंद झाला होता. नवी नोकरी. सगळे म्हणे टेकाडावर माती नाही, अन् मले सापडली. मी मातीले सगळं इचारलं. रंग इचारला, चुना इचारला, वळी करून पाहिली. गावात जाऊन एका माणसाले नाही इचारलं, की ही इथं आली कुठून. एका गाईच्या वतीनं अख्खं गायरान हिरवं करून टाकलं मी."

"आता हे गायरान गेलं का मंग?" वेणूबाईने विचारलं. तिला नकाशाशी देणंघेणं नव्हतं. "गवत हाये तं ढोरं हाये. ढोरं हाये तं आमी हाओ. तार लागली तं कुठं जावं?"

बाई उठल्या. "नाही जाणार," म्हणाल्या. आपल्या हातात नसलेली गोष्ट त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती. टाच मारून ऐकल्याशिवाय त्या जमिनीबद्दलही काही सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, पत्रिका छापून झाल्या आहेत."

"सर, पत्रिका छापल्यानं माती खोल होत नाही."

"एका गाईसाठी नकाशा बदलायचा?"

"एका गाईमुळंच तर तो असा झाला, सर."

साहेबांनी उद्घाटनानंतर पाहू म्हटलं. उद्घाटनानंतर कुंपण असतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

उद्घाटनाचा दिवस. मंडप, लाल गालिचा, गालिच्याखाली खडे. चालताना प्रत्येक मान्यवर जरासा लंगडत होता. स्वागतगीत झालं, गुच्छ झाले, गुच्छ दिल्याबद्दल आभार झाले. पाहुणे हिरवाईवर बोलले. समोर पिवळं पडत चाललेलं गवत होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मंडपाच्या मागे वेणूबाई आणि गावातली चार माणसं उभी होती. मग साहेबांनी बाईंना दोन शब्दांसाठी बोलावलं.

बाईंनी माईक हातात घेतला आणि दोन शब्दही बोलल्या नाहीत. वायर ओढत मंचावरून खाली उतरल्या, गालिचा पायाने बाजूला सारला, वाकून माईक जमिनीशी धरला आणि टाच मारली.

ठण.

कर्ण्यांतून तो आवाज सगळ्या टेकाडावर गेला. गुरांनी माना वर केल्या. बाई चार पावलं पुढे गेल्या. ठण. वायर ताणत आणखी पुढे. ठण. मग त्या पाहुण्यांच्या खड्ड्याजवळ आल्या, कडेच्या भरावावर टाच मारली. काही नाही. उशीवर मुठी मारल्यासारखं.

"एवढी इथंच माती आहे," बाई माईकवर म्हणाल्या. "खाली गाय आहे म्हणून. नकाशावर ही सगळी जमीन खोल दाखवली, ती माझी चूक आहे. इथं झाडं मरतील. गवत जगते, ते जगू द्या."

 साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. कोणीतरी पलीकडून हसलं, मग बरेच जण. पाहुणे मुरलेले होते. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या आणि ठरल्याप्रमाणे त्या खड्ड्यात कडुनिंबाचं रोप लावलं. वेणूबाई तरातरा पुढे आली. मला वाटलं, आता काठी बसते. पण तिने ढिगातलं शिंग उचललं, रोपाच्या मुळाशी ठेवलं आणि स्वतः माती लोटली. "लावलं तं लावलं. आता पुन्हा खंदू नोका कोनी."

गाडीत बसताना पाहुण्यांनी साहेबांना विचारलं, "बाकीची झाडं खरंच मरतील का हो? माझ्या नावाची पाटी आहे तिथं." बाईंच्या भाषणाने जे झालं नसतं ते या प्रश्नाने झालं. कुंपण थांबलं. फेरपाहणीचा हुकूम निघाला.

पावसाळा गेला. बाईंनी गायरानभर खड्डे घेतले. सगळे वीतभर, सगळे फत्तरावर अडलेले. पण हुकूम निघाला तरी खांब आणि तार कोणी उचलून नेली नव्हती, आणि साहेबांनी आता नवा मुद्दा काढला. पाहुण्यांचा कडुनिंब झकास वाढत होता. "झाड जगलंय मॅडम. म्हणजे खोल माती आहेच. किती आहे, कुठवर आहे, ते आखून द्या. तेवढ्यात लागवड करू, तेवढ्याला कुंपण घालू." कुंपण एकदा आत आलं की कुठे थांबतं, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तो हिरवा तुकडा नेमका किती, हे आखायचं बाकी असतानाच बाई पडल्या. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पाय अडकून. खुब्याचं हाड मोडलं.

मी महालात भेटायला गेलो. पलंगाला खिळलेल्या बाई हे दृश्य कसं असेल याची मी रस्ताभर तयारी केली होती. ती कमी पडली. त्या छताकडे बघत बोटांनी पलंगाच्या लाकडावर टकटक करत होत्या, सारख्या.

"वीतभर खड्ड्यात पडून कोणी मोडते का हो? खोल खड्ड्यात पडली असती तर सांगायला तरी बरं वाटलं असतं." मग एकदम, "तार लागली का?"

"अजून नाही. सोमवारी साहेब दुसऱ्या कोणाला पाठवणार आहेत, आखायला."

"तो खुर्चीत बसून आखते. अख्खं मैदान आत घेईल." टकटक थांबली. "तुम्ही जा."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"टाच आहे ना तुम्हाले?"

आणि म्हणून त्या रविवारी सकाळी मी, आयुष्यभर रंगांच्या डब्यांशी बसलेला माणूस, त्या गायरानावर उभा होतो. एका हातात चुन्याच्या फक्कीची पिशवी, दुसऱ्यात मोबाइल. कडुनिंब माझ्या छातीएवढा झाला होता. वेणूबाई गुरं सोडून बघायला आली.

"फोन जमिनीशी धरा," बाई फोनवर म्हणाल्या. "मारा."

मी मारली.

"जोरात मारा हो. कविता वाचून राहिले का?"

वेणूबाई खदखदून हसली. मी जोरात मारली.

"फत्तर. झाडाकडं सरका. एक पाऊल."

ठण.

"फत्तर. अजून."

थप.

 मग, "पुन्हा मारा तिथंच." मी मारली. "हं. तिथं चुना टाका."

असं आम्ही त्या झाडाभोवती फिरलो. मी वाकत होतो, टाच मारत होतो, कान महालात होता. ठण म्हटलं की पुढे, थप झालं की चुना. एकदा बाई "फत्तर" म्हणाल्या आणि मला मात्र खात्री नव्हती. मी पुन्हा मारली तर त्यांचंच खरं निघालं. माझी टाच दुखू लागली. वेणूबाईने मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या अनवाणी टाचेने मारू लागली. तिचा आवाज बाईंना अधिक स्वच्छ ऐकू येत होता. "ही कोण मारून राहिली? चांगली मारते."

"मी हाओ वं," वेणूबाई फोनवर वाकून ओरडली. "तुह्या टांगेचं काय झालं?"

"मोडली. तुझीच बद्दुआ."

"मी तं तवाच माफ केलती वं!"

चुन्याची रेघ पुरी होऊन पहिल्या ठिपक्याला मिळाली तेव्हा मी मागे सरकून पाहिलं. लांबट गोल, एका अंगाला जरा फुगीर, एका टोकाला निमुळता. वेणूबाई त्याकडे बघत राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"किती मोठं आलं?" बाईंनी विचारलं. "सांगा ना. किती?"

"बसलेल्या गाईएवढं," मी म्हणालो.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. लाकडावरची टकटक ऐकू येत नव्हती.

"मग झालं," बाई म्हणाल्या. "एवढं लहान नकाशावर येत नाही. हिरवा काढा, साहित्यिक. सगळं पिवळं करा."

सोमवारी मी ती आखणी साहेबांपुढे ठेवली. एवढ्याशा जागेला कुंपण घालायचं तर त्यात एक मान्यवरही उभा राहिला नसता. साहेबांनी सही केली. काही दिवसांनी ट्रक येऊन खांब आणि तार घेऊन गेला. दुसऱ्या कुठल्या गायरानावर, असं ऐकलं. तिथल्या नकाशाला कोणी बाई होती की नाही ते मी विचारलं नाही. हिरव्यावर पिवळा रंग चढवताना मात्र एकाऐवजी दोन हात द्यावे लागले. खालचा रंग सारखा वर येत होता.

बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हिवाळ्यात गेल्या. बहीण म्हणाली, शेवटपर्यंत बोटं थांबली नव्हती. खुर्चीवरच्या मातीच्या पिशव्या कोणीतरी उचलल्या, आणि त्या खुर्चीवर नवीन आलेला एक तरुण अधिकारी बसला. चांगला आहे. बसतो.

मी आता निवृत्त झालोय. यंदा पोळ्यानंतर उगाचच त्या बाजूला गेलो. गवत गुडघ्याच्या वर होतं. अख्ख्या टेकाडावर एकच झाड, त्याखाली दोन गाई रवंथ करत बसलेल्या. पाटीवरचं नाव पावसाने गेलं होतं. वेणूबाई दगडावर टेकली होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. निघताना काय वाटलं कोण जाणे, मी टाच मारली. ठण. आणि हात आपोआप खाली गेला, मोबाइल जमिनीशी धरलेला, स्क्रीन बंद.

वेणूबाईने पाहिलं. हसली नाही.

"जोरात मारा ना जी," ती म्हणाली. "तिले ऐकू नाही गेलं."

मी जोरात मारली.